‘जाऊ दे ना, दुसरा घेऊ’ हे एनबीएत का चालत नाही

१३ जून २०२३ ची सकाळ. आपल्याकडे सहाला मॅच सुरू झालेली, मी चहाचा कप घेऊन, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून बसलेलो. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, तिच्या फायनलची पाचवी मॅच, डेन्व्हर नगेट्स विरुद्ध मायामी हीट, चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन, डेन्व्हर ३-१ ने पुढे, जिंकले की त्यांचं पहिलंवहिलं टायटल. आणि मॅच इतकी गचाळ की विचारू नका, डेन्व्हरने २८ थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले त्यातले फक्त ५ पडले, फ्री थ्रोसुद्धा २३ पैकी १३च. दोन मिनिटं राहिली तेव्हा मायामी ८९-८८ ने पुढे. डेन्व्हरच्या जमाल मरीचा शॉट चुकला, आणि रिंगखालच्या त्या गर्दीत सहा फूट चार इंचाचा ब्रूस ब्राउन कुठून घुसला देव जाणे, त्याने बॉल पकडला आणि तसाच परत आत टाकला. ९०-८९. मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात मायामीचा जिमी बटलर पास द्यायला गेला तो केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपने मधल्या मधे उडवला, त्याच्यावर फाउल झाला, त्याने दोन्ही फ्री थ्रो घातले, मग ब्राउननेही दोन घातले. ९४-८९, संपलं.

फोटो सगळे डेन्व्हरच्या स्टारचे, निकोला योकिचचे आले आणि ते बरोबरच आहे. पण मॅच बंद केली ती या दोघांनी, आणि हे दोघेही ज्याला रोल प्लेअर म्हणतात त्या जातीचे. म्हणजे टीम त्यांच्यासाठी बांधलेली नसते, त्यांना एक ठरावीक काम दिलेलं असतं, ते करायचं आणि बाजूला व्हायचं.

१८ दिवसांनी ब्राउन डेन्व्हर सोडून इंडियाना पेसर्सकडे गेला. पुढच्या उन्हाळ्यात कॉल्डवेल-पोप (याला यापुढे सगळ्यांसारखं केसीपी म्हणू) ऑरलँडोला गेला. तेव्हा ऑफिसमधला माझा एक मित्र, जो फक्त फायनल बघतो, त्याने विचारलेलं की अरे एवढं चांगलं खेळतात तर सोडतात कसे यांना, मालक येडा आहे का? प्रश्न साधा आहे पण उत्तर द्यायला मला दोन चहा लागले, आणि तरी त्याला अर्धंच पटलं. म्हणून आता नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी डोक्यातून आयपीएल काढा. आयपीएलमध्ये कसं, पर्स ठरलेली असते. २०२५ च्या सीझनच्या आधी प्रत्येक टीमला १२० कोटी होते, चेन्नईने ऋतुराज १८, जडेजा १८, पथिराना १३, दुबे १२ आणि धोनी ४ असे पाच जण ठेवले, ६५ कोटी गेले, ५५ घेऊन ते ऑक्शनला बसले. समजा त्यांनी दुबेला सोडला असता तर त्याचे १२ कोटी पर्समध्ये परत आले असते आणि त्यात दुसरा कोणी घेता आला असता. म्हणजे तिथे प्रश्न एवढाच, की १२ कोटीत दुबे बरा की बाजारातला दुसरा कोणी. हिशोब सरळ.

एनबीएत असं होत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. तिथे सॅलरी कॅप आहे, म्हणजे एका टीमच्या सगळ्या पगारांची मिळून मर्यादा, २०२३-२४ ला ती साधारण १३ कोटी ६० लाख डॉलर होती (इथून पुढे सगळे आकडे डॉलरमध्येच, रुपयात करायला गेलं की डोकं फिरतं). पण ही कॅप ‘सॉफ्ट’ आहे. कॅप म्हणजे छत समजा, तर या छताला मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत, आणि आपल्याच प्लेअरला परत घ्यायचं असेल तर त्या भोकातून वर जाता येतं. बाहेरचा माणूस आणायचा असेल तर मात्र छताच्या खाली जागा पाहिजे, नाहीतर एक-दोन चिमुकली भोकं आहेत त्यातून जे काय आत येईल ते.

आता डेन्व्हरचं बघा. त्या वर्षी त्यांच्या पहिल्या पाचांचे पगार, म्हणजे योकिच, मरी, मायकल पोर्टर ज्युनियर, एरन गॉर्डन आणि केसीपी, एवढे पाचच मिळून १५ कोटींच्या वर जात होते. कॅप १३ कोटी ६० लाख. म्हणजे पाच जणांतच छत फुटलंय, बाकीची टीम अजून यायचीये! अशा टीमने एखादा रोल प्लेअर सोडला तर त्याचा पगार ‘वाचतो’ असं आपण म्हणतो खरं पण तो कुठे जमा होत नाही, तुम्ही आधीही छताच्या वर होतात, आताही वरच आहात. बाहेरचा कोणी घ्यायला दमडी मिळाली नाही, फक्त माणूस गेला. मुंबईत ज्यांची दादर-गिरगावात पागडीची खोली आहे त्यांना हे पटकन कळेल, महिन्याचं भाडं नगण्य, आणि ती खोली सोडली तर त्याच भाड्यात दुसरी मिळणारे का? नाही. वाचलेल्या भाड्यात तुम्हाला विरारलाही काही मिळणार नाही. म्हणून लोक धरून बसतात.

तर रोल प्लेअरला परत साइन करायचं का, या प्रश्नाचा खरा अर्थ असा होतो की ‘हा की काहीच नाही’. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात, उदाहरणार्थ टीमा बरे-बरे वाटणाऱ्या माणसांना एवढे पैसे का देतात.

मग डेन्व्हरने ब्राउनला का नाही धरून ठेवला? कारण ते भोक त्याच्यासाठी पुरेसं मोठं नव्हतं.

आपल्याच प्लेअरला कॅपच्या वर जाऊन साइन करायचा जो हक्क आहे त्याला बर्ड राइट्स म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावावरून. पण हा हक्क एकदम पूर्ण मिळत नाही, पिकत जातो. प्लेअर तीन सीझन (फ्री एजंट म्हणून, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा झाल्यावर, टीम न बदलता) राहिला तर पूर्ण हक्क, त्याला नियमात बसेल तेवढा जास्तीत जास्त पगार देता येतो. दोन सीझन झाले असतील तर अर्धवट, म्हणजे आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. आणि एकच सीझन झाला असेल तर आधीच्या पगाराच्या फक्त १२० टक्के, मिनिमम पगारवाल्यांसाठी थोडी वेगळी पट्टी आहे ती सोडा.

ब्राउन २०२२ मध्ये डेन्व्हरला आला तो साधारण ६५ लाख पगारावर. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं, पण दुसरं वर्ष खेळायचं की नाही ते त्याच्या हातात. एक वर्ष खेळला, टायटल जिंकला, फायनलच्या चौथ्या मॅचमध्ये तर २१ पॉइंट, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरला, जेव्हा योकिच पाच फाउल घेऊन बाहेर बसलेला. साहजिकच तो म्हणाला की मला दुसरं वर्ष नको, मी बाजारात जातो. आता डेन्व्हरकडे त्याचा एकच सीझन, म्हणजे ६५ लाखाचे १२० टक्के, म्हणजे ७८ लाख. यापेक्षा एक डॉलर जास्त द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही, मालकाने स्वतःचं घर विकलं तरी नाही. आणि इंडियानाकडे कॅपखाली मोकळी जागा होती, त्यांनी दोन वर्षांचे साडेचार कोटी समोर ठेवले, वर्षाला सव्वादोन कोटीच्या आसपास. सांगा, कोण थांबेल?

काही लोक तेव्हा म्हणत होते की त्याने एक वर्ष ७८ लाखात काढायला पाहिजे होतं, मग दोन सीझन झाले असते, हक्क वाढला असता, डेन्व्हरने भरपाई केली असती. कागदावर ठीक आहे. पण ७८ लाखाचे १७५ टक्के काढा, १ कोटी ३६ लाख होतात, सरासरी पगाराची ती दुसरी पट्टी लावली तरी सव्वादोन कोटीच्या जवळपास कुठेच नाही, आणि त्यात मधल्या वर्षात गुडघा गेला तर तेही गेले. शिवाय असं तोंडी वचन देणं लीगच्या नियमात बसत नाही, पकडले गेले तर मोठी शिक्षा आहे. ड्राफ्टमध्ये (दरवर्षी टीमा आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सेकंड राउंडला ४२ नंबरला उचललेला, डेट्रॉइट आणि ब्रुकलिनमध्ये पडेल ते काम केलेला माणूस, त्याच्या आयुष्यात एवढा मोठा चेक पहिल्यांदा आला. मी असतो तर पेन शोधत बसलो नसतो, शेजारच्याचं घेतलं असतं.

आणि त्याच्या जागी डेन्व्हरला काय मिळालं? जे एक चिमुकलं भोक होतं, ५० लाखाचं, ते वापरून त्यांनी त्यांच्याकडचाच म्हातारा होत चाललेला रेजी जॅक्सन दोन वर्षांसाठी ठेवला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याचा पगार अंगावरून काढायला ड्राफ्टमधले तीन सेकंड राउंड पिक (म्हणजे निवडीचे हक्क) सोबत देऊन त्याला शार्लटला धाडला. म्हणजे देणंघेणं दोन्हीकडून तोटा. २०२४ च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध सातव्या मॅचला डेन्व्हर घरच्या मैदानावर २० ने पुढे होते आणि हरले, स्टार्टर दमलेले दिसत होते, बेंचवरून कोणाला आणायचं हा प्रश्नच होता. फक्त ब्राउन नव्हता म्हणून हरले असं मी म्हणणार नाही, पण त्या शेवटच्या दहा मिनिटांत मला तोच आठवत होता.

न्यूयॉर्क निक्सचंही २०२४ ला असंच झालं. आयझेया हार्टनस्टाइन त्यांच्याकडे दोन सीझन खेळला, म्हणजे १७५ टक्केवाला मधला हक्क, त्यात बसवून जास्तीत जास्त चार वर्षांचे सव्वासात कोटी होत होते. ओक्लाहोमा सिटीने तीनच वर्षांचे ८ कोटी ७० लाख दिले. गेला तो. वर्षभरात टायटल पण जिंकला तिकडे.

हे झालं ‘ठेवायचा होता पण ठेवता आला नाही’चं. आता मला ज्याचा खरा राग येतो ते सांगतो, म्हणजे ठेवता येत होता आणि ठेवला नाही. ॲलेक्स करूसो.

करूसो माहीत नसेल तर डोळ्यासमोर आणा, डोक्यावरचे केस गेलेले, तिशी न गाठताच चाळिशीचा दिसणारा, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला मुलगा. लॉस एंजेलिस लेकर्सच्या ज्युनियर टीममधून वर आला, तिथला स्टार लेब्रॉन जेम्ससोबत इतका जमला की २०२० च्या फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये कोचने त्याला स्टार्ट केला आणि त्याच मॅचला टायटल आलं. चार सीझन लेकर्सकडे होता, म्हणजे पूर्ण बर्ड राइट्स, भोक हवं तेवढं मोठं. २०२१ च्या उन्हाळ्यात शिकागो बुल्सने त्याला चार वर्षांचे ३ कोटी ७० लाख दिले आणि लेकर्सने ते जुळवले नाहीत. वर्षाला ९ लाख... छे, चुकलं, ९० लाखांच्या आसपास, लीगमधल्या मधल्या फळीच्या माणसाचा पगार आहे हा.

का नाही दिले? लक्झरी टॅक्स. कॅपच्या वर अजून एक रेघ असते, ती ओलांडली की टीमने लीगला दंड भरायचा, आणि हा दंड चढत्या भाजणीने वाढतो, रिक्षाचं मीटर रात्री बारानंतर पळतं ना तसा. तेव्हाच्या नियमाने रेघेच्या वरच्या पहिल्या ५० लाखांवर दर डॉलरमागे दीड डॉलर, पुढच्या ५० लाखांवर पावणेदोन, मग अडीच, मग सव्वातीन. लेकर्सने त्याच उन्हाळ्यात रसेल वेस्टब्रुक आणलेला, तो, लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस या तिघांचेच १२ कोटी, जेव्हा अख्ख्या टीमची कॅप ११ कोटी २४ लाख होती. त्यामुळे करूसोचा पगार पडत होता तो त्या सव्वातीनच्या पायरीवर. ९० लाख गुणिले सव्वातीन, जवळपास ३ कोटी दंड, वर त्याचा पगार. म्हणजे एका वर्षाला हा माणूस मालकाला ४ कोटींना पडणार. कॉमेंटमध्ये ‘९० लाखासाठी सोडला रे’ म्हणून शिव्या घालणाऱ्यांनी हे गुणाकार केलेले नसतात, मीही तेव्हा केले नव्हते, शिव्या मात्र मनापासून घातल्या होत्या.

पण गुणाकार केल्यावरही माझं मत बदललं नाही. कारण परत तोच प्रश्न, त्याच्या बदल्यात काय? दंड भरणाऱ्या टीमला बाहेरचा माणूस घ्यायला त्या वर्षी ५९ लाखाचं एक भोक होतं, त्यातले ५० लाख त्यांनी केंड्रिक ननवर लावले, आणि ननच्या गुडघ्याला दुखापत होऊन तो त्या पूर्ण सीझनमध्ये एकही मॅच खेळला नाही. यात ननचा दोष नाही, नशीब. दुसरीकडे २० वर्षांच्या टेलन हॉर्टन-टकरला त्यांनी तीन वर्षांचे ३ कोटींच्या वर देऊन ठेवला, म्हणजे तिजोरी अगदीच बंद नव्हती, फक्त ती ‘उद्या मोठा होईल’ या मुलासाठी उघडली आणि ‘आज काम करतोय’ या माणसासाठी नाही उघडली. लेकर्स त्या सीझनला ३३ जिंकले, ४९ हरले, प्लेऑफलाही गेले नाहीत. लेब्रॉन तेव्हा ३७ चा. ज्या टीमकडे लेब्रॉनची शेवटची चांगली दोन-तीन वर्षं उरलीयेत तिने उद्यासाठी साठवून करायचं काय होतं? लग्न पुढच्या आठवड्यात आहे आणि तुम्ही मुदत ठेव मोडायला तयार नाही, असलं काहीतरी.

आता करूसोची किंमत काढायची कशी हा भाग थोडा किचकट आहे, पण खरी मजा तिथेच आहे. पॉइंट बघितले तर काही नाही, करिअरच्या एकाही सीझनला त्याची सरासरी १२ च्या वर नाही. मी नेहमी एक मॅच दाखवतो लोकांना, मे २०२५, ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध डेन्व्हर, सातवी मॅच. तोवर करूसो थंडरकडे आलेला (शिकागोने त्याच्या बदल्यात जॉश गिडी घेतला, सरळ एकास एक, ज्याला कोणी ड्राफ्ट केला नाही त्याच्या बदल्यात ड्राफ्टचा सहावा नंबर). समोर योकिच, सहा फूट अकरा, सीझनभर जवळपास ३० ची सरासरी, आणि थंडरच्या कोचने त्याच्यावर सोडला सहा फूट पाच इंचाचा करूसो.

मॅच परत बघाल तर बॉल बघू नका, फक्त करूसोचे पाय बघा. योकिच रिंगच्या जवळ जागा धरायला येतो तेव्हा करूसो त्याच्या मागे उभा राहतच नाही, तो पुढून येतो, बॉल आणि योकिचच्या मधे, कंबर खाली, एक हात मागे योकिचच्या मांडीला चिकटलेला, दुसरा हवेत. मागून ढकलायला गेला असता तर योकिचने त्याला पापडासारखा मोडला असता. पुढून उभं राहिलं की पास वरून टाकावा लागतो, आणि वरून टाकलेला पास हवेत जेवढा वेळ असतो तेवढ्यात मागून थंडरचा उंच माणूस धावत येतो. एवढंच. पण ते चाळीस वेळा करायचं, दरवेळी कोपर खायचं, आणि एकदाही झोपायचं नाही. योकिचने त्या मॅचला फक्त ९ शॉट घेतले, २० पॉइंट झाले, डेन्व्हर ९३ ला अडकले, थंडरने १२५ केले. महिन्याभराने थंडर चॅम्पियन. स्कोअरकार्डात या कामाचा रकानाच नाही.

रोल प्लेअरची किंमत म्हणजे हे, शेवटच्या पाच मिनिटांत कोच त्याला आत ठेवू शकतो का. बरेच जण जानेवारीतल्या मंगळवारी वीस-वीस पॉइंट टाकतात आणि मे महिन्यात बेंचवर टॉवेल हलवत असतात, कारण समोरची टीम त्यांना शोधून शोधून त्यांच्यावरच हल्ला करते. असल्याला मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं की फसलात.

पण त्यात अजून एक भानगड आहे, की ही किंमत माणसासोबत दुसऱ्या गावाला जात नाही. ब्राउनचंच घ्या. डेन्व्हरमध्ये तो योकिचकडे बघायचा पण नाही, नुसता रिंगकडे पळायचा, बॉल येऊन हातात पडायचा. इंडियानाला गेल्यावर जेमतेम अर्धा सीझन झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी त्याला पास्कल सियाकम आणायच्या ट्रेडमध्ये (म्हणजे टीमांमधल्या अदलाबदलीत) टोरोंटोला दिला. तिथून वर्षभराने न्यू ऑर्लीन्स. माणूस तोच, पाय तेच, पण पास देणारा योकिच नाही. म्हणजे इंडियानासाठी तो सव्वादोन कोटीचा होता का? खेळाडू म्हणून नसेल. पण ट्रेडमध्ये होता! हेही समजून घ्या, एनबीएत ट्रेड करताना दोन्हीकडचे पगार साधारण जुळावे लागतात, मोठ्या पगाराचा स्टार आणायचा तर पलीकडे तेवढ्या वजनाचं काहीतरी ठेवावं लागतं. मिनिमम पगारवाले दहा ठेवून सियाकम येत नाही. त्यामुळे चांगल्या पगारावर असलेला रोल प्लेअर म्हणजे तराजूतलं वजनही असतो, आणि त्याला फुकट जाऊ दिला की ते वजनही गेलं. लेकर्सने हॉर्टन-टकरला नंतर असंच पॅट्रिक बेव्हर्लीसाठी युटाला दिला. करूसो ठेवला असता तर त्याचं काय काय आलं असतं, जाऊ दे, परत राग येईल.

म्हणजे प्रत्येकाला ठेवायचंच का? नाही. केसीपीकडे येतो.

केसीपीचे डेन्व्हरकडे पूर्ण हक्क होते, ट्रेड करून आणलेल्या माणसाचे हक्क सोबत येतात. २०२४ ला ऑरलँडोने त्याला तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख दिले, डेन्व्हरला जुळवता आले असते. पण टॅक्सच्याही वर लीगची एक रेघ आधीपासून होती, २०२३ च्या नव्या करारात तिच्या वर अजून एक मारली, आता त्यांना फर्स्ट अ‍ॅप्रन आणि सेकंड अ‍ॅप्रन म्हणतात. स्वयंपाकाचा संबंध नाही. सेकंड अ‍ॅप्रन २०२४-२५ ला १८ कोटी ८९ लाखाला होता, आणि त्याच्या वर गेलं की पैशाचा दंड तर आहेच पण हातही बांधतात: ते चिमुकलं भोकही बंद, ट्रेडमध्ये दोन माणसांचे पगार एकत्र करून एक मोठा आणता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक गोठवला जातो. आधी श्रीमंत मालक म्हणायचा की दंड भरतो, काय म्हणणंय? आता पैशाने सुटत नाही.

केसीपी ३१ चा होता. डेन्व्हरने सोडला, त्याच्या जागी क्रिश्चन ब्रॉनला घातला, जो २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २१ नंबरला घेतलेला आणि नवख्या पगारावरच होता. ब्रॉनने त्या सीझनला १५ च्या वर सरासरी काढली. तिकडे ऑरलँडोत केसीपीचे थ्री, जे डेन्व्हरमध्ये ४० टक्क्यांच्या वर पडत होते, ते ३४ च्या आसपास आले, आणि वर्षभरात त्यांनी त्याला मेम्फिसला देऊन टाकला. त्यामुळे नुसता कागद बघितला तर सोडला ते बरोबर. फक्त ब्रॉन बेंचवरून स्टार्टर झाला म्हणजे बेंचवरचा ब्रॉन गेला, ती जागा कोणी भरली? कोणी नाही. आधीच ब्राउनची जागा रिकामी, त्यात ही. त्या सीझनचे शेवटचे तीनच सामने राहिलेले असताना कोच आणि जनरल मॅनेजर दोघांनाही घरी पाठवलं. माझं म्हणाल तर केसीपीचा निर्णय तसा ठीक होता, चूक होती ती बदली माणूस तयार आहे असं एकदा नाही तर दोनदा धरून चालण्याची.

वय आणि वर्षं हे मात्र खरंच बघायला पाहिजे. मायामीने २०२१ ला डंकन रॉबिन्सनला पाच वर्षांचे ९ कोटी दिले, हाही ड्राफ्ट न झालेला, थ्री मारण्यात पटाईत. दुसऱ्याच वर्षी तो बेंचवर. मग २०२३ च्या प्लेऑफमध्ये टायलर हिरो जखमी झाला आणि याच रॉबिन्सनने त्यांना फायनलपर्यंत न्यायला हात लावला. मग ते ९ कोटी वाया गेले की वसूल झाले? मला आजही सांगता येत नाही, मूडवर अवलंबून आहे. पाचाऐवजी तीन वर्षं असती तर वाद तरी घालावा लागला नसता.

सगळ्यात शहाणे लोक माणूस बाजारात जायच्या आधीच सौदा उरकतात. बॉस्टनने ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटन प्रिचर्डला चार वर्षांचे ३ कोटी देऊन ठेवला, तेव्हा त्याला धड मिनिटंही मिळत नव्हती, लोक हसले. २०२५ ला तो लीगचा बेस्ट सिक्स्थ मॅन (म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांत सर्वोत्तम) झाला, कॉन्ट्रॅक्ट तेच, वर्षाला सरासरी ७५ लाख. पण यासाठी टायटलच्या आधी कळायला लागतं की हा कामाचा आहे, टायटलनंतर तर ते पेपरवाल्यालाही कळतं.

आणि ब्राउन. इंडियानाने दिलेलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, साडेचार कोटी खात्यात आले, आणि जुलै २०२५ मध्ये तो परत डेन्व्हरला आला, मिनिमम पगारावर. मित्राला मी मेसेज टाकला की बघ, आला परत. तो खूश, म्हणाला चला, आता तरी सोडू नका म्हणावं त्याला. मी त्याला सांगितलं नाही की कॉन्ट्रॅक्ट एकाच वर्षाचं आहे, म्हणजे ब्राउन चांगला खेळला तर पुढच्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या हातात परत तेच, एका सीझनचा हक्क, १२० टक्के, आणि यावेळी ते मोजायचे मिनिमम पगारावर.